मामा, मी आणि मधे सांधा असलेलं इंजिन: टेनेसी ते ओरेगन

माझा मामा मनमाडच्या लोको शेडला फायरमन होता, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा, डब्ल्यूजी या मालगाड्यांच्या वाफेच्या इंजिनांवर, नंतर वाफेची इंजिनं गेली आणि तो कल्याणला इलेक्ट्रिकवर आला आणि तिथूनच रिटायर झाला. 2019 च्या फेब्रुवारीत तो माझ्याकडे अटलांटाला आला तेव्हा मी त्याला नायगारा, न्यूयॉर्क, डिस्ने सगळं विचारून बघितलं. "ते सगळं फोटोत बघितलंय गं, इकडे कुठं वाफेचं इंजिन चालतं का बघ." मग मी बघायला लागले आणि शोधता शोधता एका विचित्र इंजिनापाशी येऊन थांबले. 1909 साली बाल्डविन कंपनीने फिलाडेल्फियात बांधलेलं, टेनेसीतल्या एका छोट्या लाकूडतोड रेल्वेसाठी, त्या रेल्वेला ते झेपलं नाही म्हणून परत पाठवलेलं, मग देशाच्या पार दुसऱ्या टोकाला ओरेगनमध्ये विकलेलं, शेवटी जंगलात कलंडून पडलेलं, आणि आता दुरुस्त होऊन मार्चमध्ये परत धावणार असलेलं. मामाला दाखवलं तर तो चष्मा वर करून म्हणाला, "2-4-4-2? असलं इंजिन मी बापजन्मात बघितलेलं नाही." (हे आकडे म्हणजे पुढून मागे प्रत्येक गटात किती चाकं ते.) झालं, तिकिटं काढली. माझा हट्ट एवढाच की थेट ओरेगनला जायचं नाही, आधी टेनेसी, जिथं ते फसलं ती जागा बघायची आणि मग पुढे.

सोमवार, टाउनसेंड

सकाळी लवकर निघालो, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात दशम्या. नॉक्सव्हिलच्या अलीकडे मेरीव्हिलवरून वळलं की 321 नंबरचा रस्ता वॉलंडवरून टाउनसेंडला जातो. वॉलंडला पूर्वी सदर्न रेल्वेची लाइन यायची आणि तिथून पुढे लिटल रिव्हर रेलरोड सुरू व्हायची. आता गाडीतून जाताना यातलं काहीच कळत नाही, दोन चर्च आणि एक पेट्रोल पंप एवढंच दिसतं.

टाउनसेंड हे नाव गावाला पडलं कर्नल डब्ल्यू. बी. टाउनसेंड या पेनसिल्व्हेनियाच्या माणसावरून. त्याने 1901 मध्ये लिटल रिव्हर लंबर कंपनी काढली, स्मोकी पर्वतातली हजारो एकर झाडी घेतली, खाली गावात आरा गिरणी टाकली आणि झाडं वरून खाली आणायला स्वतःची रेल्वे बांधली. रेल्वे म्हणजे काही आपली मध्य रेल्वे नव्हे, हे आधीच डोक्यात बसवायला हवं. लाकूडतोड कंपनीची रेल्वे म्हणजे स्वस्तातली रेल्वे. रूळ हलके, खडी जेमतेम, पूल लाकडाचे, आणि एका खोऱ्यातली झाडं संपली की फाट्याचे रूळ उखडून पुढच्या खोऱ्यात टाकायचे. पक्कं बांधकाम करून ठेवायला कोणालाच वेळ नव्हता आणि पैसाही.

गावात त्या रेल्वेचं छोटंसं म्युझियम आहे, आवारातच त्यांचं शे इंजिन उभं आहे, 2147 नंबरचं, तेही 1909 चंच, लायमा कंपनीचं. मामा गाडीतून उतरला तो थेट त्याच्या उजव्या अंगाला गेला. शे इंजिनाची सगळी गंमत उजवीकडेच असते, सिलेंडर उभे, एका बाजूला, त्याच बाजूने लांबलचक दांडा जातो आणि बेव्हल गिअरने प्रत्येक चाकाला फिरवतो. डावीकडून बघितलं तर इंजिनात काही आहे असं वाटतच नाही. "हे म्हणजे शिवणयंत्र आहे," मामा म्हणाला, आणि वाकून गिअरचे दात मोजायला लागला. तिथल्या एका आजोबांनी आम्हाला सांगितलं की हे चालायचं जेमतेम माणसाच्या धावण्याच्या वेगाने, पण चढावर आणि वाकड्यातिकड्या रुळावर याच्यासारखं दुसरं नाही. मी भाषांतर केलं. मामा म्हणाला ते कळलं मला, इंग्रजी येतं.

मग प्रश्न असा की शे एवढं चांगलं, तर कर्नलसाहेबांना ते दुसरं इंजिन कशाला हवं होतं? याचं उत्तर वेगात आहे. फाट्यांवर शे ठीक, पण गिरणीपासून वर एल्कमाँटपर्यंतची मेन लाइन साधारण 18 मैल, त्यावर लाकडाने भरलेली अख्खी गाडी घेऊन शे रांगत बसलं की दिवस जातो. मेन लाइनवर साधं, दांड्याने चाकं फिरवणारं इंजिन हवं, पण ताकदवान. आणि ताकद हवी तर चाकं जास्त हवीत, चाकं जास्त म्हणजे इंजिन लांब, लांब इंजिन वळणात अडकतं. यावर एका स्विस इंजिनिअरने, अनातोल मॅले त्याचं नाव, 1884 मध्येच तोडगा काढून पेटंट घेतलं होतं: इंजिनाची चाकं दोन गटांत वाटायची, मागचा गट बॉयलरला पक्का, पुढचा गट बिजागरीवर मोकळा. अमेरिकेत पहिलं मॅले आलं 1904 मध्ये, बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचं, भलंमोठं धूड, त्याला लोक ओल्ड मॉड म्हणायचे. आणि त्यानंतर पाचच वर्षांत बाल्डविनने ही युक्ती लहान मापात आणून लिटल रिव्हरसाठी 126 नंबरचं इंजिन बांधलं. लाकूडतोड रेल्वेसाठी बांधलेल्या अगदी सुरुवातीच्या मॅलेंमधलं हे एक. पुढे 1920 च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिमेला अशी छोटी मॅले बरीच झाली, पण तेव्हा हा प्रयोगच होता.

रात्री मोटेलवर मामाने हॉटेलच्या पॅडवर चित्र काढून मला सगळं परत समजावलं. मला समजलेलं होतं, पण समजावू दिलं.

मंगळवार, एल्कमाँट

आजचा दिवस माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात कामाचा, आणि आज एकही इंजिन बघितलं नाही.

झालं असं की लाकूड संपत आलं आणि टाउनसेंड कंपनीने 1926 मध्ये 76 हजार एकरांहून जास्त जमीन विकली, तीच पुढे ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कचा मोठा भाग झाली. तोड मात्र त्यानंतरही कराराप्रमाणे बरीच वर्षं चालू राहिली. मग रूळ उखडले आणि त्याच रूळमार्गावर डांबरी रस्ता केला, तोच आजचा लिटल रिव्हर रोड. म्हणजे तुम्ही गाडी चालवता ती चक्क रेल्वेच्या जागेवरून! त्यामुळे चढ हळूहळू येतो, कुठेही घाटासारखा अंगावर येत नाही, पण वळणं बापरे. नदी जशी वळते तसा रस्ता वळतो, एका बाजूला कातळ इतका जवळ की काही ठिकाणी गाडीच्या टपावर वाकलेला, दुसऱ्या बाजूला लगेच पाणी. मार्च असल्याने झाडं सगळी बोडकी, त्यामुळे नदीचं पात्र आणि रस्ता दोन्ही लांबपर्यंत दिसत होतं, पानं असती तर एवढं कळलं नसतं.

मामा माझ्या शेजारी बसून वळणं बघत होता. एकदम म्हणाला, "थांबव जरा." सिंक्स नावाचा एक धबधबा आहे तिथं पार्किंग होतं, थांबलो. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला, एक डोळा मिटला, हात लांब करून वळणाची गोलाई बघितली. पूर्वी ट्रॅकवाले असं बघायचे म्हणे. मग म्हणाला, "सांधा असून काय उपयोग, पूल कसले होते ते सांग."

मी म्हटलं लाकडाचे.

"मग झालं ना. हे बघ, चाकं वाढवली की एका एक्सलवरचं वजन कमी होतं, रुळाला बरं. वळणाचं काम सांधा करतो. पण पुलावर तू एक एक एक्सल नेत नाहीस, अख्खं इंजिन एकदम येतं, वर मागे टेंडर, पाणी आणि इंधनाचा डबा तो, पाण्याने भरलेला. आणि रूळ हलका असला की खालचे स्लीपर दबतात, दबले की रूळ पसरतो." हा अर्थात मामाचा अंदाज, त्याने काही लिटल रिव्हरच्या फायली वाचलेल्या नाहीत. नोंद एवढीच की इंजिन त्या लाइनला जड झालं आणि बाल्डविनकडे परत गेलं. पण तिथं त्या वळणात उभं राहून ऐकलं की पटतं. म्युझियममध्ये शंभर फोटो बघून जे कळत नाही ते या रस्त्यावर दहा मिनिटं गाडी चालवून कळतं, हे माझं मत आहे.

आणि एक गंमत. त्याच 1909 च्या सुमारास ही कंपनी पर्यटकांनाही गाडीत बसवून वर न्यायला लागली होती. नॉक्सव्हिलचे श्रीमंत लोक रविवारी यायचे, मग त्यांनी एल्कमाँटला क्लब काढला, बंगल्या बांधल्या, 1912 मध्ये वंडरलँड हॉटेल झालं. एका बाजूला डोंगर बोडका होतोय आणि दुसऱ्या बाजूला त्याच रुळावरून लोक निसर्ग बघायला येतायत. आज हॉटेल नाही, बऱ्याच बंगल्यांची नुसती धुराडी उभी आहेत जंगलात, काही दुरुस्त करून ठेवल्यात. जिथं लाकूडतोड्यांची वस्ती होती तिथं कॅम्पग्राउंड आहे. जून महिन्यात इथं काजवे एकाच वेळी लुकलुकतात आणि ते बघायला लॉटरीने पास काढतात. मामाला सांगितलं तर म्हणाला भंडारदऱ्याला फुकट दिसतात.

लिटल रिव्हर ट्रेल म्हणून एक पायवाट एल्कमाँटहून आत जाते, तीही रुळाचीच जागा. तीनेक किलोमीटर चाललो असू. रुंद, सपाट, अगदी हळू चढ, मामाच्या गुडघ्यांना काही झालं नाही. त्याला एका ठिकाणी जमिनीत कोळशाची कणी दिसली, उचलली, बोटावर घासली, वास घेतला आणि परत तिथंच टाकली.

बुधवार

नॉक्सव्हिल ते पोर्टलंड, मधे विमान बदलून. दिवस असाच गेला. मामाने एका एअरपोर्टवर दोन तास सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या गाड्या वळणात मागच्या कशा आत कापतात ते बघण्यात घालवले आणि तो अजिबात कंटाळला नाही.

गुरुवार, ओनालास्का

इंजिन टेनेसीतून परत गेल्यावर बाल्डविनने ते 1910 मध्ये ओरेगनमध्ये कोलंबिया नदीच्या काठी विकलं, कोलंबिया रिव्हर बेल्ट लाइन रेल्वेला. तिथं त्याला 7 नंबर मिळाला आणि स्कूकम हे नाव, इकडच्या चिनूक बोलीत त्याचा अर्थ दणकट. पुढे मालक बदलत गेले. आम्ही क्रमाने जायला हवं होतं पण नकाशावर ते सोयीचं पडेना, म्हणून मधलं ठिकाण आधी केलं.

पोर्टलंडहून उत्तरेला दीड तासावर वॉशिंग्टन राज्यात ओनालास्का म्हणून गाव आहे. इथं कार्लाइल लोकांची मोठी आरा गिरणी होती. या कार्लाइल मंडळींना नावाची आवड एवढी की विस्कॉन्सिन, आर्कान्सा, टेक्सस आणि वॉशिंग्टन अशा चार राज्यांत त्यांच्या ओनालास्का आहेत. झाडं संपली की कंपनी पुढे, गावाचं नाव तेच. स्कूकम या कार्लाइल-पेनेल कंपनीकडे बरीच वर्षं होतं.

आता गावात गिरणीचं एक उंचच्या उंच काँक्रीटचं धुराडं आणि शेजारी तळं एवढंच. तळ्यात पूर्वी ओंडके सोडायचे. पाऊस पडत होता, कोणीतरी छत्री न घेता मासे पकडत बसलं होतं, इकडे छत्री घेतली की लोक तुम्हाला बाहेरगावचे समजतात. आम्ही छत्री घेतली.

मामाने इथंही जमीन बघितली. टेकड्या आहेत, पण गोल आणि लांब लांब पसरलेल्या, टेनेसीसारखी नदीची घळ नाही. "इथं चाललं असणार," एवढंच म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. थंडी वाजत होती त्याला.

शुक्रवार, डीप रिव्हर आणि ब्लाइंड स्लू

लाँगव्ह्यूहून कोलंबियाच्या उत्तर काठाने 4 नंबरचा रस्ता समुद्राकडे जातो. नदी इतकी रुंद की पलीकडचा काठ धुक्यात दिसतच नव्हता, मोठी मालवाहू जहाजं चाललेली, आणि रस्त्यावर दर पाच मिनिटांनी ओंडक्यांनी भरलेला ट्रक. हे ट्रकच या रेल्वेचे मारेकरी. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रक चांगले झाले, रस्ते स्वस्त झाले, आणि रूळ टाकत बसण्यात काही अर्थ उरला नाही.

स्कूकमची शेवटची नोकरी डीप रिव्हर लॉगिंग कंपनीकडे. मधे मड बे लॉगिंग कंपनीकडेही होतं, पण तिकडे आम्ही गेलो नाही. डीप रिव्हर हे पूर्वी फिनलंडहून आलेल्या लोकांचं गाव, आता नदीच्या काठाला काही घरं, जुने धक्के, बोटी. इथल्याच डोंगरात 1955 च्या सुमारास इंजिन रुळावरून घसरून कलंडलं. कंपनीचं रेल्वेचं काम तेव्हा संपतच आलेलं. कोण क्रेन आणणार आणि कोण उचलणार, भंगाराला जेवढे पैसे आले असते त्याहून खर्च जास्त, म्हणून दिलं सोडून तिथंच.

एका अर्थी हेच त्याचं नशीब. धड उभं असतं तर भंगारवाल्याने कापून नेलं असतं. बाकीची तसलीच गेली. हे आडवं पडलेलं, रस्त्यापासून लांब, झाडोरा वाढत गेला. नंतर एका हौशी माणसाने ते तुकडे तुकडे करून जंगलातून बाहेर काढलं. बॉयलर वेगळा, फ्रेम वेगळ्या. मग कितीतरी दशकं ते सुटे भाग इकडून तिकडे मालक बदलत पडून होते. मामा म्हणाला मॅलेचे तुकडे करणं त्यातल्या त्यात सोपं, कारण ते मुळातच दोन इंजिनं आणि एक बॉयलर असं आहे, बिजागरीची खीळ काढली की पुढचं गाडं निराळं. मला ही गोष्ट फार आवडली.

नक्की कुठं कलंडलं ती जागा आम्ही शोधली नाही, खाजगी जंगल आहे आणि गेटं बंद असतात. वाटेत ग्रेज रिव्हरचा 1905 चा छपराचा लाकडी पूल बघितला, त्यावरून अजून गाड्या जातात. मामा खाली उतरून तुळया बघून आला, कपडे चिखलाने भरले, खूश.

दुपारी अस्टोरियाचा पूल ओलांडला, चार मैलांहून लांब, आधी पाण्याला लागून आणि शेवटी एकदम आकाशात. ओरेगनच्या बाजूला उतरून परत पूर्वेला थोडं मागे आलं की ब्लाइंड स्लू. स्लू म्हणजे नदीचा अडकलेला फाटा, भरती-ओहोटीचं पाणी आत येतं, भोवती सिटका स्प्रूसच्या झाडांची दलदल. इंजिनाची इकडची पहिली नोकरी इथली. डोंगरातून ओंडके आणायचे आणि पाण्यात ढकलायचे, पुढे नदी नेते. इथं कोणी बोर्ड वगैरे लावलेला नाही, निदान आम्हाला दिसला नाही. एक बगळा होता. मामा म्हणाला, "उतार गाडीच्या बाजूने. भरलेली गाडी खाली येते, रिकामी वर जाते. ओढायचं काय मग, ब्रेक सांभाळायचे." तेही खरंच, लाकडाची रेल्वे बहुतेक ठिकाणी अशीच, कसाऱ्याच्या घाटात भरलेली मालगाडी वर न्यायला मागून बँकर म्हणजे ढकलायला जादा इंजिन लावतात तसला प्रकार इथं नाही.

रात्री अस्टोरियात मासे खाल्ले. मामाच्या मते मसाला नव्हता. नव्हताच.

शनिवार, गॅरिबाल्डी

शेवटी! समुद्राच्या काठाने 101 नंबरच्या रस्त्याने खाली यायचं, टिलामूक बेच्या कडेला गॅरिबाल्डी, डोंगरावर मोठं पांढरं जी अक्षर, आणि परत एक जुन्या गिरणीचं धुराडं, या ट्रिपमध्ये धुराडीच धुराडी झाली. गाडीचं दार उघडलं आणि वास आला. गरम तेल, ओली वाफ. मामा काही बोलला नाही, मफलर नीट केला आणि पुढे चालायला लागला, मी मागे तिकिटं घेऊन पळत.

ही लाइन 1911 मध्ये पुरी झाली, पोर्टलंडकडून डोंगर ओलांडून टिलामूकला येणारी, पॅसिफिक रेल्वे अँड नेव्हिगेशन कंपनीची, जिच्या पी-आर-एन या अक्षरांचा लोकांनी कुजकी, सडकी आणि घाणेरडी असा अर्थ लावलेला. 2007 च्या डिसेंबरच्या वादळात सॅमनबेरीच्या दरीतला तिचा भाग वाहून गेला, तेव्हापासून समुद्राकडचा तुकडा तुटलेला आहे आणि त्यावर ओरेगन कोस्ट सीनिक रेलरोड पर्यटकांसाठी गाडी चालवते. स्कूकमची शेवटची जुळणीही इथंच झाली.

आता इंजिन. पहिली गोष्ट म्हणजे ते लहान आहे. मॅले म्हटलं की डोंगराएवढं धूड डोळ्यांसमोर येतं, हे तसं नाही, मोठी चाकं एकूण आठ, चार-चारच्या दोन जोड्या, आणि पुढे मागे एकेक छोटी जोडी. पण बाजूने बघितलं की डोकं चक्रावतं, कारण सिलेंडर दोन ठिकाणी. मागचे लहान, पुढचे चांगलेच जाड. मामाने हात लावून, म्हणजे गरम होतं म्हणून लावल्यासारखं करून, मला दाखवलं. बॉयलरची ताजी वाफ आधी मागच्या लहान सिलेंडरात जाते, तिथं काम करून तिचा जोर कमी होतो पण ती फुगते, म्हणून पुढचे सिलेंडर मोठे. तीच वाफ दोनदा वापरायची. आणि यात खरी हुशारी अशी की मागचं गाडं बॉयलरला पक्कं आहे, त्यामुळे जोरदार दाबाच्या वाफेला हलणारा सांधा लागतच नाही. हलणारा पाइप फक्त पुढे जाणाऱ्या थकलेल्या वाफेला, ती थोडी गळली तरी चालतं.

बिजागरी दिसते का म्हणून मी खाली वाकले. दोन फ्रेमच्या मधे एक जाड उभी खीळ, ग्रीसने माखलेली, बाकी खास काही नाही. पुढच्या फ्रेमला बॉयलर जोडलेलाच नाही, नुसता एका सपाट बैठकीवर टेकलेला, त्यावर तो डावीकडे उजवीकडे सरकतो. तिथलं लोखंड घासून चकचकीत झालेलं, बोटभर रुंदीचा पट्टा, म्हणजे सरकतो तेवढाच.

मामाला माथेरान आठवलं, साहजिकच. नेरळला ठेवलेलं ते जुनं ओरेनस्टाइन अँड कोपेलचं इंजिन, तेही याच काळातलं, 1907 ची लाइन ती. तिथं वेगळी युक्ती आहे, इंजिन एकच पण टोकाचे एक्सल पोकळ, त्यात दुसरा एक्सल घातलेला, त्यामुळे चाकं वळणात आडवी सरकतात, क्लीन-लिंडनर म्हणतात त्याला. "आपल्याकडे चाकं सरकवली, यांनी अख्खं इंजिन मोडलं," मामा म्हणाला. दोन फुटी रुळाला ते परवडतं पण इथं भार जास्त म्हणून असं, वगैरे त्याचं बराच वेळ चाललं, तोपर्यंत शिट्टी झाली.

फायरमन विशीतला मुलगा, मामाने त्याला सांगितलं की मीही फायरमन, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी. मुलाने लगेच वर बोलावलं, गाडी सुटायच्या आधी दोन मिनिटं. कॅबमध्ये बेलचा बघून मामा खूश झाला आणि मग कळलं की तो कोळशाचा नाही, वाळूचा. इंजिन तेलावर चालतं. तेल जाळलं की बॉयलरच्या नळ्यांत काजळी धरते, म्हणून मधेच बेलचाभर वाळू भट्टीच्या भोकातून आत फेकायची, ड्राफ्ट म्हणजे आतला हवेचा झोत ती वाळू नळ्यांतून ओढून नेतो आणि काजळी खरवडून धुराड्यातून बाहेर. मुलाने करून दाखवलं नाही, स्टेशनात करत नाहीत कारण सगळ्यांच्या अंगावर पडतं. "मजा आहे याची, वाफ बघायची आणि कॉक फिरवायचा," मामा खाली उतरल्यावर म्हणाला. डब्ल्यूजीवर एका ड्युटीला टनांनी कोळसा मारलेला माणूस तो. पण त्याने मुलाच्या हाताकडे बघितलं होतं, तेलाचा कॉक आणि बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर दोन्हीवर नजर ठेवून होता पोरगा, ते त्याला आवडलं.

मग निघालो. सुरुवातीला इंजिन अडखळल्यासारखं होतं, पुढच्या मोठ्या सिलेंडरांपर्यंत वाफ पोचायलाच वेळ लागतो म्हणून सुटताना थोडी ताजी वाफ थेट पुढे सोडायची सोय असते, आणि मग ड्रायव्हर ती बंद करतो तेव्हा आवाज एकदम बदलतो. मऊ होतो. मी रेकॉर्ड केलाय. आठ चाकं दांड्यांनी फिरतायत म्हणजे आवाज दुप्पट येईल असं मला वाटत होतं पण मागच्या सिलेंडरची वाफ बाहेर पडतच नाही ना, ती पुढे जाते, त्यामुळे धुराड्यातून ठोके फक्त पुढच्या जोडीचे, आणि तेही जोर गेलेल्या वाफेचे. भुस्स, भुस्स. डब्ल्यूजी तोफ मारल्यासारखी जायची, मामा म्हणतो.

लाइन बेच्या अगदी कडेने जाते, एका बाजूला चिखलाचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला हायवे, लोक गाड्या हळू करून हात करत होते. मग बारव्ह्यूपाशी वळून समुद्राकडे तोंड करते, पुढे समुद्रात ट्विन रॉक्सचे कातळ, आणि रॉकअवे बीच. वळणात आम्ही दोघं खिडकीतून डोकं बाहेर काढून. आधी पुढचं गाडं वळलं, बॉयलर सरळच निघाला, अगदी दिसण्याइतका, धुराड्याचं तोंड रुळाच्या बाहेर बाहेरच्या अंगाला लोंबल्यासारखं झालं, आणि मग मागचं गाडं वळायला लागलं तसा तो परत मधे आला. हे घडतं दोन-तीन सेकंदांत. मामाने माझा दंड एवढ्या जोरात धरला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. "बघितलंस? बघितलंस का?" डब्यातली माणसं आमच्याकडे बघायला लागली.

रॉकअवेला गाडी थांबल्यावर लोक आइस्क्रीम खायला गेले, पावसात. मामा इंजिनापाशी. पुढच्या चाकाची कडा, फ्लँज, रुळाला घासणारी ती, त्याने वाकून नीट बघितली, मग मागच्या जोडीची, मग परत पुढची. घासलेली नव्हती फारशी. तेवढ्यात ड्रायव्हर तेलाचा डबा घेऊन खाली आला, पन्नाशीचा दाढीवाला, मामाने त्याला विचारलं रूळ किती पौंडाचा, म्हणजे एका यार्डाला किती वजनाचा, मग ते दोघं आणि मधे दुभाषी मी, रूळ, स्लीपर, कुठं वेग कमी ठेवायचा यावर गाडी सुटेपर्यंत बोलत होते. ड्रायव्हरचं म्हणणं, इंजिन वळणाला एकदम शांत, रूळ चांगला असेल तर. मामाने माझ्याकडे बघितलं, मंगळवारचं आठवतंय ना असं.

परत येताना त्याने मला विचारलं की हे नको झाल्यावर त्या टेनेसीवाल्यांनी मेन लाइनला घेतलं काय मग? मी वाचलं होतं, 1911 मध्ये त्यांनी बाल्डविनकडूनच एक पॅसिफिक घेतलं, 110 नंबर, साधं 4-6-2, सांधाबिंधा काही नाही, पण इतकं छोटं की स्टँडर्ड गेजवरचं, म्हणजे अमेरिकेतल्या नेहमीच्या रुंदीच्या रुळावरचं, सगळ्यात लहान पॅसिफिक तेच. आणि तेही अजून आहे, मिशिगनमध्ये कोल्डवॉटरला चालतं. मामा गप्प बसला थोडा वेळ.

"मिशिगन लांब आहे का गं?"

त्याचं परतीचं विमान एप्रिलच्या शेवटी आहे. बघते.